मोकळ्या कडेवरचे गणित

डॉ. वैजनाथ निलंगे सरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात रव्याने माखलेले होते.

सेलूला माध्यमिक शाळांतल्या गणित शिक्षकांचे प्रशिक्षण होते. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचे छत, आणि व्याख्यानाचा विषय ‘तरंग’ असा मोघम छापलेला. परभणीहून महाविद्यालयाचे प्राध्यापक येणार म्हटल्यावर आम्ही झोप आवरण्याची तयारी ठेवूनच बसलो होतो. सर आले आणि त्यांनी आधी मांडववाल्याला बोलावून त्याचा स्पीकर जमिनीवर उताणा करून घेतला. त्यावर मधोमध बोल्टाने आवळलेला एक चौकोनी पत्रा बसवला. मग ते शाळेच्या स्वयंपाकघराकडे गेले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे त्यांनी वाटीभर रवा मागितला, तेव्हा मावशींनी विचारले, “सर, उप्पीट करायचं हाय का? मी करून देते की.”

“न्हाई मावशी, गणित करायचं हाय,” सर म्हणाले.

त्यांनी पत्र्यावर रवा पसरला आणि स्पीकरमधून एकच लांब सूर सोडला. रवा थरथरला, पळाला आणि पाहता पाहता पत्र्यावर सुबक रेघांची नक्षी उमटली. मागच्या बाकावरचे शिक्षकही उठून पुढे आले. सर म्हणाले, “रवा जिथे साचतो, तिथे पत्रा हलत नाही. जिथून पळतो, तिथे हलतो.” नंतर त्यांनी दुसरा पत्रा लावला. त्याला एका बाजूला रुपयाएवढे भोक होते. तोच सूर, तोच रवा. पण या वेळी सगळी नक्षी बिघडली. भोकापासून लांबच्या कोपऱ्यातल्या रेघासुद्धा वाकड्या झाल्या.

“आता मला सांगा,” सरांनी विचारले, “भोक जागच्या जागी राहू द्यायचं आणि बाकीच्या पत्र्याला त्याचा पत्ताच लागू द्यायचा नाही, असं करता येईल का?”

मी म्हणाले, “सर, पण लपवून फायदा काय? लपवलं तरी भोक असणारच की तिथं.”

सरांनी हात झटकून माझे नाव विचारले. मी मानवतच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते, असे सांगितले. ते म्हणाले, “मंगलबाई, समजा त्या भोकाच्या जागी एखादं नाजूक यंत्र बसवलंय. लाट त्याला न शिवता वळसा घालून पलीकडे गेली आणि पुन्हा होती तशी झाली, तर ते यंत्र हादरणार नाही. लपवणं हे वाचवण्यासाठीही असतं.” जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला गाठून विचारले, “एम.एस्सी. झालंय ना तुमचं? मग परभणीला या एकदा.”

सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या गौरवग्रंथात त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी त्यांच्याविषयी पुष्कळ लिहितील. माझ्याजवळ लिहिण्यासारखी एकच मोठी गोष्ट आहे. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. सरांना सांगितलेली आवडेल की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण कृतज्ञता व्यक्त करायची तर तिच्याशिवाय कशी करणार?

सर मूळचे वालूरचे. वडिलांचे तिथे कापडाचे दुकान होते. घरात शिवभक्तीची परंपरा. आजही सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय सर कागदाला हात लावत नाहीत. विद्यापीठातून पीएच.डी. करून आल्यावर मोठ्या शहरांतल्या संस्थांची बोलावणी त्यांना होती, असे त्यांचे जुने मित्र सांगतात. सर परभणीलाच राहिले. कारण विचारले, तर “इथं पोरं हायेत की” एवढेच म्हणतात. आमच्या महाविद्यालयात ना पत्र्यांची कंपने मोजण्याचे साधन होते, ना मोठे ग्रंथालय. फळा, खडू आणि विभागातला एक जुना संगणक यांच्या जोरावर त्यांनी पातळ लवचिक पत्र्यांतून लाटा कशा पसरतात, यावर आयुष्यभर काम केले.

या ग्रंथाचे बरेच वाचक गणिताचे नसतील, म्हणून विषय थोडक्यात सांगते. तळ्यात खडा टाकला की पाण्यावर लाटा पसरतात, तशा पातळ पत्र्यावर एका जागी ठोकले की पत्र्यातूनही पसरतात. पत्रा वर-खाली वाकतो आणि ते वाकणे पुढे सरकत जाते. वाटेत भोक आले की लाट फुटते, विखुरते. भोकाभोवती वेगवेगळ्या कडकपणाची आणि वजनाची कडी एकाबाहेर एक अशी नेमकी बसवली, तर लाट विखुरण्याऐवजी वळसा घालून पलीकडे जाऊ शकते. ही कल्पना प्रकाशाच्या बाबतीत आधी मांडली गेली होती. पत्र्याचा मामला मात्र अवघड आहे. प्रकाशाचे समीकरण तुम्ही रबरी कागदावर लिहून ताणले, तरी त्याचा चेहरा तोच राहतो. पत्र्याचे समीकरण ताणले की त्यातून नको असलेली पदे बाहेर पडतात. त्या पदांचे काय करायचे, हाच आमच्या विषयातला खरा झगडा. सरांनी आपल्या एका शोधनिबंधात दाखवले होते की कड्यांची निवड विशिष्ट रीतीने केली, तर भोकाच्या कडेवर ही जास्तीची पदे शून्य होतात. त्या निबंधाचे नाव झाले होते. परदेशातले लोक त्याचा उल्लेख करत. आम्हा विद्यार्थ्यांना त्याचा केवढा अभिमान!

मी परभणीला गेले खरी, पण घरी विचारून गेले नव्हते. लग्नाला बरीच वर्षे झालेली, मुलगी शाळेत जाणारी, नोकरी दिवसभराची. माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, एसटीत चालक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मी चाचरत विषय काढला, तर त्यांनी वेगळेच विचारले.

“ते निलंगे सर पत्र्यातलं भोक गायब करायल्यात म्हणं?”

“तसंच काहीसं, मामा.”

“मंग जा की. असलं काम सोडून घरी बसायलीस व्हय? रविवारची सकाळची गाडी पकडायची. पोरीला मी बघतो.”

पुढे काही वर्षे माझे रविवार परभणीत गेले. सरांच्या घरी ओट्यावर एक फळा टांगलेला होता. त्यासमोर आम्ही बसायचो. सर वर्गात प्रमाण मराठी बोलत, इंग्रजी तर फार नेटके बोलत. पण गणित अडले किंवा सुटले की त्यांच्या तोंडी आपोआप वालूरची बोली येई. “हे पद कुठं चाललंय बघा, लय आगाऊ हाय,” असे ते म्हणाले की समजावे, रंग चढला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी कलावतीबाई, आतून हाक मारत, “आधी जेवा, मंग पळवा त्या पदाला.”

एका पावसाळ्यात माझ्या मुलीला टायफॉइड झाला. मी परभणीला जाणे थांबवले आणि सरांना तसे फोनवर कळवले. पुढच्या रविवारी दारात पाहते, तर सर आणि काकू उभे. काकूंनी येताना मऊ भात आणि वरणाचा डबा आणला होता. त्या सरळ मुलीच्या उशाशी जाऊन बसल्या. सर माझ्या सासूबाईंना म्हणाले, “वहिनी, तुमच्या हातचे धपाटे मिळाले, तर आमचं गणित इथंच चालंल.” मुलगी बरी होऊन शाळेत जाऊ लागेपर्यंत ते दर रविवारी मानवतला येत राहिले. काकू तिच्याजवळ असत आणि मी सरांसमोर बसून वाचत असे. मी अवघडून जायचे. सर म्हणायचे, “बसमध्ये मला लय छान सुचतं.” ते खरे असेल, पण येण्याचे कारण ते नव्हते, हे मला कळत होते.

माझ्या प्रबंधाचा पाया सरांच्या त्या गाजलेल्या निबंधावर होता. गोल भोकाचे उदाहरण घेऊन संगणकावर प्रत्यक्ष आकडे काढायचे आणि सरांचा निष्कर्ष पडताळायचा, असे माझे काम. भोकात खुंटी ठोकून कड घट्ट आवळली आहे, असे धरले की उत्तरे सुरेख येत. लाट भोकाला वळसा घालून पलीकडे जशीच्या तशी निघे. पण भोक उघडे ठेवले, कड मोकळी ठेवली, की पलीकडे लाटेत एक बारीक सुरकुती राही. मला वाटले, माझाच प्रोग्रॅम चुकला. तो पुन्हा लिहिला. सुरकुती गेली नाही. शेवटी संगणक बंद केला आणि कागदावर हाताने, एकेक पायरी करत, सरांचा निबंध सुरुवातीपासून सोडवायला घेतला. निबंधात एका ठिकाणी ‘उघडच आहे की कडेवरची पदे शून्य होतात’ असे वाक्य होते. आवळलेल्या कडेवर ती शून्य होतातच. मोकळ्या कडेवर एक पद शिल्लक राहत होते.

ते पद मी पुन्हा पुन्हा तपासले. माझी चूक सापडावी, अशी अगदी मनापासून इच्छा होती. कारण त्याच वर्षी सरांना एका मोठ्या शहरातल्या राष्ट्रीय परिषदेत त्याच निबंधावर मुख्य व्याख्यान द्यायचे होते. महाविद्यालयाने त्याचा फलक लावला होता. पेपरात नाव आले होते. आणि माझा प्रबंधही त्याच निष्कर्षावर उभा होता. तो पडला, तर माझी इतकी वर्षे वाया जाणार होती.

मामांनी माझा चेहरा पाहून विचारले, “काय झालं सूनबाई?”

मी सांगितले. गणित न सांगता, एवढेच, की परिषदेत सर जे मांडणार, त्या कामात चूक दिसायलीय आणि ती त्यांना कशी सांगू, कळेना.

मामा म्हणाले, “तू न्हाई सांगितलं आन् तिथं भर सभेत कुणी सांगितलं, तर?”

त्या रविवारी मी परभणीला गेले आणि माझे कागद सरांपुढे ठेवले. सरांनी ते वाचले. त्यांचा चेहरा तेवढा कठोर मी कधी पाहिला नव्हता. “हे असं होत नाही,” ते म्हणाले. “तुमचा प्रोग्रॅम तपासा.” मी म्हणाले, “प्रोग्रॅम नाही सर, हाताने केलंय.” “मग हात तपासा.” कागद परत माझ्या पुढ्यात आले. काकूंनी जेवायला वाढले, पण सर पानावर आले नाहीत. मी तशीच मानवतची गाडी पकडली. वाटेत मला रडू येत होते. चूक माझी असती, तर बरे झाले असते, असे वाटत होते.

गौरवलेखात असे लिहावे की नाही, याचा मी विचार केला. सर त्या दिवशी रागावले, हे लिहिले नाही, तर पुढे त्यांनी जे केले त्याचे मोल वाचकांना कळणार नाही, म्हणून लिहिले.

पुढचा रविवार गेला. सरांचा फोन आला नाही, माझाही गेला नाही. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, “बाई, तुमच्याकडं कोणतरी पाहुणे आलेत. आत या म्हणलं तर यायले न्हाईत.” मी फाटकाशी गेले. सर उन्हात उभे होते. परभणीहून बसने आले होते, हातात साधी कापडी पिशवी. पोरे डबे खात आमच्याकडे पाहत होती.

“मंगलबाई,” सर म्हणाले, “मोकळ्या कडंवर शून्य येत न्हाई. तुमचं बरोबर हाय.”

मी म्हणाले, “सर, तुम्ही फोन केला असता तरी...”

“चूक फोनवर सांगत न्हाईत. मी तुमाला हात तपासा म्हणलं. तसं म्हणायला नको होतं.” मग त्यांनी प्रमाण मराठीत पुढचे वाक्य म्हटले, जणू वर्गात सांगत असावेत, “तिथे ‘उघडच आहे’ असं मी लिहिलं होतं. ते उघड नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं.”

मुख्याध्यापकबाईंनी आग्रहाने त्यांना आत नेले, चहा दिला. सरांनी तिथेच टेबलावर बोटाने रेघा ओढत मला ते शिल्लक राहणारे पद कुठून येते, हे समजावून सांगितले. जे मी शोधले होते, ते त्यांनी माझ्याहून स्वच्छ रीतीने मांडले. मुख्याध्यापकबाई ऐकत होत्या. नंतर त्या मला म्हणाल्या, “हे तुझे गुरू का तुझे विद्यार्थी?” मी म्हणाले, “आज तरी सांगता यायचं नाही.”

सरांनी ज्या नियतकालिकात निबंध छापला होता, त्याला दुरुस्ती पाठवली. इथपर्यंत कोणताही प्रामाणिक संशोधक करील. पण परिषद पुढ्यात होती. सहकाऱ्यांनी त्यांना सुचवले की व्याख्यानात फक्त आवळलेल्या कडेचा भाग मांडा. तेवढा तर खराच आहे, मोकळ्या कडेचे कुणी विचारणार नाही. सुचवणाऱ्यांच्या मनात सरांचे भलेच होते. सरांनी ऐकून घेतले आणि मला म्हणाले, “तुमी बी चला माझ्यासंगं.”

ते सभागृह फार मोठे होते. मी आयुष्यात तेवढे प्राध्यापक एका जागी पाहिले नव्हते. मी मागे बसले होते. सर व्यासपीठावर गेले आणि इंग्रजीत म्हणाले, की ज्या निष्कर्षावर बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे, तो अर्धा चुकीचा आहे. चूक माझी आहे. ती एका शाळेतल्या शिक्षिकेने शोधली आहे, त्या इथे बसल्या आहेत आणि कुठे चुकले, हे त्याच सांगतील. सभागृहात कुजबुज झाली. सर मला हाताने बोलावत होते. मी कशी उठले, कशी गेले, मला नीट आठवत नाही. फळ्याशी गेल्यावर मात्र खडू हातात आला आणि मी शाळेत शिकवते तशी लिहू लागले. मोडक्या इंग्रजीत, चिन्हांच्या आधाराने, त्या शिल्लक पदापर्यंत पोचले.

पहिल्या रांगेतून एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी प्रश्न विचारला. लांबलचक, फार वेगाने विचारला. प्रश्न मला समजला होता. उत्तरही येत होते. पण इंग्रजी शब्दच येईनात. एक वाक्य सुरू केले, अर्ध्यावर तुटले. दुसरे सुरू केले, तेही तुटले. कुणीतरी मागे हसले.

सर व्यासपीठाच्या कडेला उभे होते. ते दोन पावले पुढे आले आणि त्या माइकवर, त्या सभेसमोर म्हणाले, “मंगलबाई, मराठीत सांगा. मी हाय की.”

मी मराठीत सांगू लागले. सर माझ्या प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करत. दर वाक्याच्या आधी ते म्हणत, ‘त्या म्हणतात की...’ एका ठिकाणी मी विचार करायला थांबले. ते उत्तर सरांना माहीत होते. ते तिथल्या तिथे पुरे करू शकले असते. त्यांनी केले नाही. सगळे सभागृह वाट पाहत असताना तेही माझ्याकडे पाहत उभे राहिले. मला सुचले, मी बोलले, त्यांनी सांगितले. आपल्या पदरचा एक शब्दही त्यांनी त्यात घातला नाही. ज्यांना सन्मानाने बोलावले होते, ते आपल्याच चुकीचे आणि आपल्याच विद्यार्थिनीचे दुभाषी होऊन उभे होते. प्रश्न विचारणारे प्राध्यापक शेवटी उभे राहिले आणि त्यांनी आम्हा दोघांना हात जोडले.

परतीच्या गाडीत सर शेंगदाणे खात निवांत बसले होते. मी म्हणाले, “सर, तुमचं व्याख्यान गेलं माझ्यापायी.” ते म्हणाले, “गेलं कुठं? झालं की. लय चांगलं झालं.”

याची किंमत त्यांनी मोजली, हे मला फार उशिरा कळले, तेही काकूंकडून. सरांच्या नावाने एक मोठा संशोधन प्रकल्प येऊ घातला होता. त्यातून पत्र्यांची कंपने मोजण्याचे यंत्र विभागाला मिळणार होते. आयुष्यभर रवा आणि स्पीकरवर भागवलेल्या माणसाला त्या यंत्राची किती ओढ असेल! दुरुस्ती जाहीर झाल्यावर तो प्रकल्प मागे पडला आणि पुढे आलाच नाही. काकू म्हणाल्या, “त्यांनी कॉलेजात त्या यंत्रासाठी खोली बी रिकामी करून ठिवली होती गं. तुला सांगू नको म्हणले होते.” त्या खोलीत सरांनी नंतर लांबच्या गावांहून येणाऱ्या मुलींना बसून वाचण्यासाठी टेबले लावून दिली. ताडकळस, वालूर इकडच्या मुली बसची वाट पाहत आजही तिथे बसतात. ती खोली कशासाठी रिकामी झाली होती, हे त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नाही.

माझ्या प्रबंधाचे काय, हा प्रश्न उरलाच होता. पाया ढासळला होता. मी सोडून देण्याच्या विचारात होते. सरांनी ओट्यावरचा फळा पुसला आणि म्हणाले, “शिल्लक राहिलेलं पद शत्रू समजू नका. ते काय सांगायलंय, ते आधी ऐका.” पुढचा बराच काळ आम्ही त्या एका पदाशी झुंजलो. कितीतरी वाटा बंद निघाल्या. मग एकदा ते पद वेगळ्या रीतीने लिहून पाहताना मला ते ओळखीचे वाटले. बारीक लोखंडी वळे वाकवले की त्याचे जे समीकरण येते, त्याच्याशी ते जुळत होते. मी तसे म्हणताच सर ताडकन उठले. “म्हंजी भोकाला काठ लावायचा! मोकळ्या कडंला एक वळं बसवलं, तर हे पद त्याच्यात जिरंल!” कलावतीकाकू आतून धावत आल्या, काय झाले म्हणून.

काठ लावला, आणि सुरकुती गेली. पूर्ण नाही, लांब लाटांपुरती गेली. आखूड लाटांना भोक अजूनही दिसतेच. नवा निबंध तयार झाला, तेव्हा सरांनी ‘फक्त लांब लाटांसाठी’ हे शब्द मथळ्यातच घालायला लावले आणि माझे नाव आपल्या आधी लिहिले. मी विरोध केला, तर म्हणाले, “ज्यानं आधी पाहिलं, त्याचं नाव आधी.”

माझ्या तोंडी परीक्षेला मामा मुद्दाम परभणीला आले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, पहिल्या बाकावर. सगळे संपल्यावर त्यांनी सरांना गाठले.

“मंग सर, झालं का भोक गायब?”

“न्हाई मामा,” सर अगदी गंभीरपणे म्हणाले. “लांब लाटंपुरतं झालं. आखूड लाटंला आजून दिसतंय.”

“म्हंजी आजून काम हाय म्हणा.”

“लय काम हाय.”

दोघेही फार समाधानाने हसले. मामा आता नाहीत. त्यांचा तो हसरा चेहरा मला सरांच्यामुळे पाहायला मिळाला, याचे ऋण वेगळेच आहे.

आज मी स्वतः सरांच्याच महाविद्यालयात शिकवते. माझी मुलगी मोठी झाली आहे आणि अभियांत्रिकी शिकते आहे. आमच्या विभागातल्या नव्या मुलांना सरांचा एक नियम ठाऊक आहे: त्यांच्यापुढे सिद्धता मांडताना ‘उघडच आहे’ असे म्हणायचे नाही. कुणी चुकून म्हटले, की सर चष्मा काढून विचारतात, “कुणाला उघड हाय?” मुले हसतात. मी हसत नाही.

सर रागीट आहेत, हट्टी आहेत, दुसऱ्याने पुसलेला फळा त्यांना स्वच्छ वाटत नाही. फोन उचलत नाहीत. विद्यार्थ्यांच्या घरची लग्ने विसरतात आणि मग काकूंना घेऊन महिनाभराने आहेर द्यायला जातात. पण एखाद्या मुलीने वर्गात चाचरत शंका विचारली, तर ते खडू खाली ठेवतात, आणि तिची शंका पुरी होईपर्यंत उचलत नाहीत. ती शंका चुकीची असली तरीही. मी असंख्य चांगले शिक्षक पाहिले. आपल्याला चूक ठरवणाऱ्याला मोठे करणारा शिक्षक मी एकच पाहिला.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले होते. डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, वाचायला मनाई होती. काकू पहारा देत बसल्या होत्या. निवृत्तीनंतर काय करणार, असे मी विचारले. ते हळूच म्हणाले, “एका पत्र्यात जवळजवळ दोन भोकं असली तर? एकाला लपवायला गेलं की दुसऱ्याचं बिंग फुटतंय. मला वाटतंय, उत्तर सापडलंय.” काकू म्हणाल्या, “डॉक्टरांनी काय सांगितलंय?” सर म्हणाले, “डोळे मिटूनच करायलोय की.”

त्या दोन भोकांचे उत्तर सरांनी आम्हाला सांगावे. आम्ही ते तपासू, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे पायरी न गाळता तपासू. त्यांच्या दृष्टीला तेज राहो, पायांना ओट्यापासून फळ्यापर्यंतचे आणि परभणीपासून वालूरपर्यंतचे बळ राहो, काकूंचा पहारा असाच कडक राहो. पुढच्या पिढीतली एखादी मुलगी त्यांच्यापुढे कागद ठेवील आणि म्हणेल, ‘सर, इथे चुकलंय.’ अशा कितीतरी मुली याव्यात, आणि त्या सगळ्यांना ‘तुमचं बरोबर हाय’ असे सांगायला आमचे सर ठणठणीत असावेत, एवढेच त्या श्रीवैजनाथाकडे मागणे.